विषय : आवाज

माणसाने स्वतः लिहिलेला अर्ज पाठवण्याआधी एकदा परक्याच्या डोळ्यांनी वाचून बघावा, असं माझं हल्ली ठाम मत झालं आहे. पूर्वी नव्हतं. पूर्वी माझं मत असं होतं की माझे अर्ज परक्यांनी वाचावेत आणि त्यातून काहीतरी शिकावं.

छत्तीस वर्षं मी विम्याच्या ऑफिसात पत्रव्यवहार सांभाळला. आमच्या इमारतीत लिफ्ट बंद पडली, नळाला पाणी आलं नाही, कोणाच्या पोराचं नाव दाखल्यावर चुकलं, की माणूस थेट पहिल्या मजल्यावर माझ्या दारात. "दोन ओळी लिहून द्या ना." दोन ओळी मला येत नाहीत. मी तीन पानं देतो. लोक मला पाठीमागे 'अर्जसाहेब' म्हणतात. तोंडावरही म्हणतात, पण तेव्हा आदराने म्हणतात असा माझा समज आहे. बायकोचा तसा समज नाही.

तर ताई. ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली आणि मला ताईने वाढवलं, एवढंच सांगतो, कारण जास्त सांगायला लागलो की माझा विषय भरकटतो. मला अक्षर तिनेच शिकवलं. आयुष्यातला पहिला अर्जही तिनेच लिहून घेतला : पोट दुखत असल्यामुळे शाळेत येऊ शकत नाही. मी त्यात पोट कोणत्या बाजूला दुखतं, कधीपासून दुखतं आणि आदल्या दिवशी काय काय खाल्लं, हे सगळं घातलं होतं. ताईने ते खोडलं. "बाळ्या, अर्जात मुद्द्याचं लिहावं," ती म्हणाली. "वाचणाऱ्याला कामं असतात." तिचं ऐकलं असतं तर आज ही वेळ आली नसती. किंवा ऐकलं म्हणूनच आली. माझं अजून नक्की ठरत नाही.

ताई आता बहात्तर वर्षांची आहे. एकटी राहते, आमच्या समोर. आता या 'समोर' शब्दाबद्दल जरा बोलायला हवं. आमच्या गॅलरीत उभं राहिलं की ताईची गॅलरी दिसायची. दोन्ही पहिल्या मजल्यावर, नाकासमोर. मध्ये पूर्वी एक साधा रस्ता होता. ताई चहा टाकून हाक मारायची आणि मी चपला शोधून पोचेपर्यंत चहा कपात असायचा. मग तो रस्ता रुंद झाला. मग उंच झाला आणि त्याचा दहा पदरी महामार्ग झाला. त्याला दुसरा महामार्ग येऊन मिळाला, दोघांना बाहेरून वेढा घालणारा मार्ग आला, वेढ्याला जोडमार्ग आले आणि जोडमार्गांवरून उड्डाणपूल गेले. प्रत्येक उद्घाटनाला पाहुणे सांगत गेले की शहरातली अंतरं कमी झाली. आमच्या इमारतीत चौथ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर एक निवृत्त सर्व्हेअर राहतात. त्यांनी आपल्या जुन्या यंत्राला डोळा लावून मोजलं : माझ्या कठड्यापासून ताईच्या कठड्यापर्यंत एकशे अडतीस मीटर. गाडीने तेवीस किलोमीटर.

"तेवीस नक्की?" मी विचारलं.

"आकड्यांत मी दयामाया करत नाही," ते म्हणाले.

तेवीस कसे होतात तेही सांगतो, म्हणजे चेष्टा करणाऱ्यांची तोंडं बंद होतील. घरातून निघालं की आधी गल्लीबोळांतून उलट दिशेला सात किलोमीटर जायचं, कारण महामार्गावर चढायची जागा तिथे आहे. चढून सात किलोमीटर परत यायचं. आता उजवीकडे ताईची गॅलरी दिसते, डावीकडे स्वतःची दिसते, आणि तासाभरात आपण जागचे हललोच नाही हे कळतं. पुढे तीन किलोमीटरवर चार मजली जंक्शन. पाट्यांवर त्याचं काहीतरी भारदस्त नाव आहे, पण लोक त्याला 'गुंता' म्हणतात. गुंत्यात उजवीकडे वळायचं तर डावीकडे बाहेर पडायचं, स्वतःच्याच रस्त्याच्या डोक्यावरून जायचं आणि 'निर्गम क्रमांक १९-ब' धरायचा. निर्गम हा शब्द मी त्याआधी फक्त शाळेच्या रजिस्टरात पाहिला होता, आणि तिथूनही बाहेर पडायला मला एक वर्ष जास्तच लागलं होतं. चुकून १९-अ धरला तर माणूस विमानांतलं सामान उतरवतात तिथे जातो. आम्ही चारदा गेलो आहोत. तिथला पहारेकरी आता बायकोची तब्येत विचारतो.

गाडी बायको चालवते, पाट्या मी वाचतो. पाटी पूर्ण वाचायची ही माझी जुनी शिस्त.

"निर्गम क्रमांक एकोणीस ब, अवजड वाहनांस—"

"अहो, डावीकडे की सरळ?"

"थांब गं, खाली बारीक अक्षरात काहीतरी आहे."

आणि आम्ही सामानापाशी.

नीट वळलो, तरी परत येताना महामार्गावरून ताईच्या घराखालूनच जावं लागतं, या खेपेला ती डावीकडे. फोनमधली बाई गोड आवाजात सांगते, "आपले ठिकाण आले आहे." ताई गॅलरीतून हात करते, मी गाडीतून हात करतो, आणि आम्ही ताशी ऐंशीच्या वेगाने ठिकाणावरून पुढे जातो. उतरायची वाट दीड किलोमीटर पुढे, मग तेवढंच मागे. ताई मात्र आम्हाला पाहिल्याबरोबर चहा टाकते. तो चहा मी आजवर गरम प्यायलेला नाही.

बसने जायचं तर दोन बस आणि दीड तास, आणि ताईचे गुडघे. "आमच्याकडेच राहायला ये," असं मी शंभरदा म्हटलं असेल. "मग समोर कोण राहील?" असं ती शंभरदा म्हणाली आहे.

म्हणून आम्ही खुणा ठरवल्या होत्या. सकाळी सातला ताई कठड्यावर निळा टॉवेल टाकायची. म्हणजे, उठले, बरी आहे. मी पिवळी चादर टाकायचो. म्हणजे, पाहिलं. लाल काही दिसलं, तर ताबडतोब ये. एकदा बायकोने बेसावधपणे लाल पलंगपोस वाळत घातला. दोन बस बदलून, त्या गुडघ्यांनी जिने चढून, औषधांची पिशवी छातीशी धरून ताई दारात उभी. मी पेपर वाचत होतो. "मेल्या, जिवंत आहेस होय!" ती म्हणाली आणि तिथेच खुर्चीत बसून रडली. तेव्हापासून आमच्या घरात लाल रंगाला बंदी आहे.

फोन का नाही, असं विचाराल. फोन आहे. ताईच्या कपाटात, कपड्यांच्या घडीखाली. तिथे तो सुरक्षित राहतो. एखाद्या वेळी उचललाच, तर "या रस्त्याच्या आवाजात काही ऐकू येईल तर शप्पथ!" म्हणून ठेवून देते. ताईला कमी ऐकू येतं असं डॉक्टर म्हणतात. डॉक्टर पुटपुटतात असं ताई म्हणते. आम्ही हौसेने आणलेलं कानाचं यंत्र तिने एक दिवस घातलं आणि मग त्याचा डबा बटणं ठेवायला घेतला. "माझे कान ठणठणीत आहेत," ती म्हणते. "तो मेला रस्ता ऐकू देत नाही. दिवसभर नुसती घूं घूं." यावर तिच्याशी वाद घालायची सोय नव्हती, कारण रस्ता खरोखरच दिवसभर घूं घूं करत होता.

आणि मग त्या सकाळी सात वाजले आणि टॉवेल आला नाही.

सव्वासात. साडेसात. फोन वाजून वाजून बंद झाला. बायकोने गाडीची किल्ली घेतली. गुंत्यात एक ट्रक आडवा झाला होता. सगळ्यांना १९-अ वरून काढून देत होते, त्यामुळे आम्ही बिनचूक वाचूनही सामानापाशी. पावणेदहाला मी ताईच्या दारात पोचलो. न्हाणीघरात तिचा पाय घसरला होता. दोन तास फरशीवर बसून मग भिंत धरून धरून उठली होती, आणि उठल्यावर आधी काय केलं असेल, तर टॉवेल टाकला होता. "तू कशाला आलास एवढ्या लांब?" ती मला म्हणाली. एकशे अडतीस मीटरवर माझी बहीण जमिनीवर बसून होती आणि मी विमानांच्या सामानापाशी होतो. हे मला अजून सहन होत नाही. तुम्ही हसा हवं तर.

त्याच दिवशी मी अर्ज लिहायला घेतला. मागणी एकच, पादचारी पूल. दोन जिने आणि वर एक फळी, मला काही शोभेचं नको होतं.

पण इमारतीत बातमी फुटली आणि सल्ल्यांना पूर आला. तिसऱ्या मजल्यावरचे वकील म्हणाले, "भावना नकोत, कलमं टाका." मी कलमं टाकली. दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाई म्हणाल्या, "त्यात एखादी अँब्युलन्स घाला." घातली. त्यांच्याच शेजारचे बँकवाले म्हणाले, "पूल म्हणू नका हो, जोडणी म्हणा. जोडणी म्हटलं की वरचे लोक खूश होतात." मी जोडणी म्हटलं. सर्व्हेअरांनी मापांचा नकाशा जोडला. तीन पानांचा अर्ज सात पानांचा झाला. वर मथळा दिला, 'महामार्गामुळे होणाऱ्या त्रासाबाबत', आणि सह्यांना फिरवला.

चौसष्ट सह्या! एकानेही नाही म्हटलं नाही. एकानेही वाचला नाही, हे खरं, पण ते मी विश्वासाचं लक्षण मानलं. जो तो सही करताना माझा हात दाबून म्हणायचा, "बरं झालं हो अर्जसाहेब, कोणीतरी पुढे झालं. झोप लागत नाही हो!" मी गहिवरून गेलो. माझ्या बहिणीच्या काळजीने चौसष्ट माणसांना झोप लागत नाही आणि मी मात्र यांना इतकी वर्षं स्वार्थी समजत होतो!

महामार्गाचं ऑफिस गुंत्याच्या बरोबर पोटात आहे. ज्यांनी तो केला त्यांना त्यातच बसवलंय, एवढाच काय तो न्याय. खिडकीत एक बाई होत्या, चष्मा कपाळावर.

"कितवा किलोमीटर?"

"त्याचं असं आहे, माझी मोठी बहीण—"

"बहीण कितव्या किलोमीटरला आहे?"

सर्व्हेअरांच्या नकाशात तो निघाला. बाईंनी लिहून घेतला.

"विषय? चाळीस अक्षरांत सांगा. मशीन पुढे घेत नाही."

चाळीस अक्षरांत माझा 'महोदय' सुद्धा नीट बसत नाही. बाईंनी पडदा माझ्याकडे वळवला. त्यावर विषयांची यादी होती : खड्डा, दिवे, पाणी साचणे, आवाज, मेलेले जनावर, इतर.

"यात पूल नाही?"

"पूल ही तक्रार नाही ना. आहे तो पूल पडला, तर तक्रार."

"मग इतर घ्या."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि प्रथमच माझ्याकडे नीट पाहिलं. "काका, तुम्ही चांगल्या घरचे दिसता म्हणून सांगते. इतर वरच्या मजल्यावर जातं."

"मग?"

"खाली येत नाही."

मग त्या माऊलीने माझी सात पानं चाळली. मी हे मुद्दाम नोंदवतो, कारण त्या अर्जाची पानं इतर कोणी उलटल्याचा पुरावा नाही. तिसऱ्या पानावर त्यांचं बोट थांबलं. " 'महामार्गामुळे आम्हा बहीण-भावांचा आवाज एकमेकांपर्यंत पोहोचत नाही.' हे बघा, आवाज आहे की यात! आवाजमध्ये टाकते. आवाजवाले पटकन येतात. आले की समोरासमोर सांगा काय ते."

मी विचार केला, दार कोणतं का असेना, आत शिरल्याशी कारण. आत गेलं की सात पानं आहेतच. "टाका," मी म्हणालो. हा एक शब्द. माझ्या आयुष्यातला सगळ्यात आटोपशीर अर्ज. बाईंनी टाइप केलं : 'महामार्गामुळे आवाज.'

"बाकीची अक्षरं उरली की," मी म्हणालो.

"राहू देत, कोणाला तरी उपयोगी पडतील."

आठव्या दिवशी आवाजवाला इंजिनियर आला. कमी बोलणारा, नम्र. त्याने आमच्या गॅलरीत तीन पायांवर एक यंत्र उभं केलं.

"कोणता आवाज?" त्याने विचारलं.

"आमच्या ताईचा. ती काय समोर. तो इथपर्यंत येत नाही."

"यंत्रात एकेक वेगळा दिसत नाही हो," तो म्हणाला, "सगळा एकदम दिसतो." मी त्याला पूल कुठे हवा ते हाताने दाखवलं. तो मान डोलावत होता. तोवर त्याने कानात बोळे घातले होते, हे मला तो गेल्यावर बायकोने सांगितलं. आकडा पाहून मात्र तो चमकला. "एवढ्यात तुम्ही इतकी वर्षं काढलीत?" इतक्या सहानुभूतीने माझ्याशी सरकारी माणूस कधी बोलला नव्हता. मी त्याला दोनदा चहा पाजला.

चार महिन्यांत मंजुरी आली! पत्रात लिहिलं होतं, 'आपल्या तक्रारीच्या निवारणार्थ बांधकाम हाती घेण्यात येत आहे.' मी ते जिन्यात लावलं. पुढच्या आठवड्यात क्रेन आली आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना खांब उभे राहू लागले. मी इमारतीत मिठाई वाटली. ताईला गॅलरीतून दोन्ही हातांनी हवेत पूल काढून दाखवला. तिला काय वाटलं कोण जाणे, तिने आत जाऊन छत्री आणली.

"खांब जरा जास्त नाहीत का?" बायको म्हणाली.

"मजबुती," मी म्हणालो.

"चांगले अर्धा किलोमीटर मजबूत आहेत."

खांबांच्या मध्ये राखाडी फळ्या बसू लागल्या तेव्हा मी खाली गेलो आणि मुकादमाला गाठलं. "जिने कुठे येणार?"

"कसले जिने?"

"वर चढायचे."

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आजोबा," तो म्हणाला, "भिंतीला जिने कशाला?"

बाकी अपमान मी विसरेन. 'आजोबा' विसरणार नाही. तर ती आवाज अडवायची भिंत होती, दोन्ही बाजूंना, चार-चार मीटर उंच, तीही आधीच उंच रस्त्यावर. मी तसाच गुंत्यात धावलो. त्याच बाई होत्या. "तक्रार मागे घ्यायची? घेता येते की. फक्त ज्यांनी सह्या केल्यात त्या चौसष्ट जणांनी इथे येऊन सांगायचं, आम्हाला आवाज हवा आहे म्हणून."

मी घरोघर गेलो. पण एव्हाना आमच्या आणि ताईच्या गॅलरीसमोरचा तुकडा सोडला, तर दोन्ही भिंती पूर्ण झाल्या होत्या आणि इमारत वीस वर्षांत प्रथमच झोपली होती. लोक दारात आले तेच ताजेतवाने. नर्सबाई म्हणाल्या, "काहीतरीच काय!" वकील म्हणाले, "आता भावना नकोत." आणि रविवारी गच्चीवर सभा घेऊन त्यांनी माझा सत्कार केला. पुष्पगुच्छ दिला. 'शांततेचे शिल्पकार' असं लिहिलेली पाटी दिली. मी भाषणात काय बोललो ते मला आठवत नाही. खूप शांत होतं, त्यामुळे सगळ्यांना ते नीट ऐकू गेलं असणार.

शेवटची फळी एका मंगळवारी बसली. ताई गॅलरीत उभी होती, हात करत होती. आधी ती कमरेपर्यंत दिसत होती, मग खांद्यापर्यंत, मग फक्त हात. मग क्रेनवाला जेवायला गेला.

बुधवारी सकाळी सातला मी चादर घेऊन गॅलरीत उभा राहिलो आणि समोर राखाडी भिंत होती. फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. इतक्यात वरून सर्व्हेअरांची हाक आली. "वर या! पळत या! दिसतंय!" मी पायजम्यावरच तीन मजले चढलो. त्यांच्या गॅलरीतून, त्यांच्या यंत्रातून, दोन्ही भिंतींच्या डोक्यावरून पलीकडे, वीतभर निळा रंग दिसत होता. टॉवेलची वरची कड. तेवढीच.

"थोडक्यात वाचलं," सर्व्हेअर म्हणाले. "भिंत आणखी हातभर जरी असती तरी संपलं होतं." मग ते आत वळले आणि मला डोळे पुसायला वेळ मिळावा म्हणून उगाच यंत्राचं झाकण शोधत बसले. भला माणूस.

तर असं सुरू झालं. रोज सकाळी सातला मी चादर काखोटीला मारून चौथ्या मजल्यावर. वीतभर निळं दिसलं की चादर उंच काठीवर धरायची. ताईला ती दिसते की नाही, देव जाणे. मला तिचं दिसत होतं, मी त्यात समाधान मानलं.

पंधरा दिवसांनी महामार्गाच्या ऑफिसातून एक छापील कागद आला, 'समाधानपत्रक'. त्यात एकच प्रश्न होता : 'आपण तक्रार केलेला आवाज अद्याप येतो काय?' त्याखाली उत्तराला दोन ओळी. मी तो खिशात घातला, आणि त्या रविवारी आम्ही ताईकडे गेलो. महामार्गावरून जाताना आता ना ती दिसत होती ना आम्ही. दोन भिंतींच्या मधून गाडी चालली होती. "आपले ठिकाण आले आहे," फोनमधली बाई म्हणाली.

बेल वाजवली. पुन्हा वाजवली. शेवटी माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं. ताई गॅलरीत खुर्चीवर भिंतीकडे तोंड करून बसली होती. कठड्यावर निळा टॉवेल होता.

"ताई," मी म्हणालो.

खोलीत इतकी शांतता होती की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. खालच्या मजल्यावर कोणीतरी कपात साखर ढवळत होतं, तेही ऐकू येत होतं.

"ताई!"

ती हलली नाही. मी तिच्या पाठीमागे दोन पावलांवर होतो. बायकोने माझा दंड धरला. "ताई!" मी ओरडलो. पलीकडच्या गॅलरीतल्या माणसाने वळून पाहिलं. ताईने नाही.

मग कशीतरी तिला माझी सावली दिसली आणि ती एकदम फुलली. "अगंबाई, कधी आलात? हाक तरी मारायची! पण या मेल्या रस्त्याच्या आवाजात काही ऐकू येईल तर शप्पथ!" तिने भिंतीकडे हात केला. "एवढी मोठी भिंत बांधली, म्हटलं आता तरी थांबेल. कसलं काय! ऐक, चालूच आहे. घूं, घूं, घूं. रात्रंदिवस." आणि मग माझ्या तोंडाकडे बघत, जरा हळू आवाजात, "येतोय ना रे तुला?"

घड्याळ टिकटिक करत होतं. ताईचे डोळे माझ्या ओठांवर होते. लहानपणी मी खोटं बोललो की तिला लगेच कळायचं.

"येतोय की!" मी तिच्या कानाशी ओरडलो. "फार येतोय! डोकं उठलंय नुसतं!"

"बघ!" ती म्हणाली. तिचे खांदे खाली आले. "मी म्हणतच होते."

चहा घेताना माझ्या खिशातून डोकावणारा कागद तिने ओढून काढला. वाचायला तिला चष्मासुद्धा लागत नाही. "अरे, हे विचारतायत की! मग लिही ना. पेन घे. आणि पुराण लावू नकोस, मुद्द्याचं लिही. 'आवाज अजून येतो. पहिल्यापेक्षा जास्त येतो.' बस्स."

मी बायकोकडे पाहिलं. ती कपात पाहत होती. छत्तीस वर्षांत मी कागदावर एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. पण म्हटलं, वाचतो कोण? माझ्या सात पानांतलं एक अक्षर कोणी वाचलं नाही, हे काय वाचणार? ताईच्या समोर, ताईने शिकवलेल्या अक्षरात, मी लिहिलं : आवाज अजून येतो. पहिल्यापेक्षा जास्त येतो. ताईने वाचून मान डोलावली. आमच्या पंचावन्न वर्षांच्या व्यवहारात तिने माझ्या अर्जातलं काही न खोडण्याची ही पहिली वेळ.

त्यांनी वाचलं. तीन आठवड्यांत उत्तर आलं. 'आपल्या अभिप्रायाची तातडीने दखल घेऊन दोन्ही बाजूंच्या भिंतीची उंची दीड मीटरने वाढवण्यात येत आहे.' मी पत्र घेऊन चौथ्या मजल्यावर गेलो. सर्व्हेअरांनी कागदावर दोन रेघा काढल्या, एक तिरकी, एक उभी. आकडेमोड केली नाही. कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. तेवढ्यात शेजारचा माणूस पत्र वाचून माझं अभिनंदन करून गेला.

काल क्रेन आली. आज मी ताईकडे जाऊन तिला ते पत्र दाखवलं. लपवणार तरी किती दिवस? तिने सावकाश, एकेक ओळ वाचलं. वाचता वाचता तिचा चेहरा खुलत गेला. मग तिने पत्र माझ्या हातात दिलं, आणि शाळेत एकदाच कधीतरी पहिला नंबर आला होता तेव्हा थोपटली होती तशी माझी पाठ थोपटली.

"बघ बाळ्या," ती म्हणाली, "मुद्द्याचं लिहिलं की कशी कामं होतात!"